आकाशातील वेगळी पंगत

बुकित पंजांगला राहणाऱ्यांच्या कानांना विमानाचा आवाज नवा नाही. पश्चिमेला तेंगाहचा लष्करी विमानतळ आहे. मुलांचा ऑनलाइन वर्ग चालू असताना एखादे लढाऊ विमान डोक्यावरून गेले, की बोलणे थांबवून ते दूर जाण्याची वाट पाहावी लागते. प्रवासी विमानांचे चांगी मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला. २०१५ च्या डिसेंबरात भुयारी रेल्वेचा डाउनटाउन मार्ग बुकित पंजांगपर्यंत आला, २०१७ मध्ये तोच पुढे एक्स्पोपर्यंत गेला, आणि तेव्हापासून भारतातून आलेल्या आईवडिलांना निरोप द्यायला जाताना आम्हाला एकदाच गाडी बदलावी लागते.

आमच्या मुलांच्या रविवारच्या मराठी वर्गात शब्दांचा खेळ चालतो. मध्यंतरी त्यात ‘हवाईसुंदरी’ हा शब्द आला. एका मुलीने विचारले, “मग पुरुष असेल तर त्याला हवाईसुंदर म्हणायचं का?” सगळे हसले. आम्हीही हसलो, पण उत्तर काही सुचले नाही. परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका ही नावे कामावरून पडली. जमिनीवरच्या कोणत्याही पगारी कामाच्या नावात मराठीने ‘सुंदरी’ घातलेली नाही. विमानात चढल्याबरोबर मात्र बाईचे काम नावातून नाहीसे झाले आणि तिचे रूप तेवढे उरले. हा शब्द कोणी एकाने दुष्टाव्याने घडवला असे नव्हे. ज्या व्यवस्थेचे ते नाव होते, ती व्यवस्थाच तशी होती. तिचा इतिहास आपल्या लेकींसाठी लिहून ठेवावा असे त्या दिवसापासून मनात होते.

या पेशाची सुरुवात एका परिचारिकेपासून झाली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. अमेरिकेतील एलन चर्च ही प्रशिक्षित परिचारिका होती आणि तिला विमान चालवताही येत असे. तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीकडे वैमानिकाचे काम मागितले. ते मिळणे शक्य नव्हते. तेव्हा विमानात परिचारिका ठेवा, म्हणजे घाबरणाऱ्या प्रवाशांना धीर येईल, अशी सूचना तिने केली, आणि १५ मे १९३० रोजी ती जगातील पहिली विमानसेविका म्हणून उडाली. म्हणजे पुढच्या दारातून जायला निघालेल्या बाईला मागच्या दाराने आत घेतले गेले. अविवाहित असणे, वय, वजन, उंची या अटी तेव्हापासूनच चिकटल्या आणि कित्येक दशके सुटल्या नाहीत. रूथ कॅरोल टेलर ही अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय विमानसेविका. तीही परिचारिकाच. वर्णभेदाची भिंत ओलांडून फेब्रुवारी १९५८ मध्ये ती मोहॉक एअरलाइन्सच्या विमानात उभी राहिली आणि काही महिन्यांतच लग्न केल्यामुळे तिला ते काम सोडावे लागले. एक भिंत फोडून आत गेलेल्या स्त्रीला दुसरी भिंत आतच उभी दिसली. आपल्या वाचकांना हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतात स्त्रिया विमान चालवायला उशिरा शिकल्या, असेही नाही. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवले आणि परवाना मिळवला. प्रेम माथुर यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवल्यावर आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला आणि शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले, असे सांगितले जाते. १९४९ मध्ये राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. पण परवाना असणे वेगळे आणि नोकरी, बढती, अधिकार, निवृत्तिवेतन यांसह आयुष्यभराचा पेशा असणे वेगळे. आमच्या मते खरा इतिहास या दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि त्याचे रणांगण विमानाच्या पुढच्या भागात नव्हते. ते मागे, प्रवाशांच्या दालनात होते.

१९५३ च्या कायद्याने भारतातील विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी जाणारी विमाने एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत विमाने इंडियन एअरलाइन्सकडे आली. एअर इंडियाचे बिऱ्हाड मुंबईत होते, बोधचिन्ह महाराजाचे होते आणि मालक भारत सरकार. मालक सरकार असल्यामुळेच या कंपनीवर संविधानातील मूलभूत हक्क बंधनकारक होते, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

या महाराजाच्या दरबारात प्रवाशांची सेवा करणारे दोन प्रकारचे लोक होते. पुरुषांना फ्लाइट पर्सर म्हणत. ते सहायक पर्सर म्हणून लागत आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत. त्यांच्या लग्नाशी कंपनीला कर्तव्य नव्हते. स्त्रियांना एअर होस्टेस म्हणत. त्यांच्या सेवानियमांत निवृत्तीच्या तीन घटिका लिहिल्या होत्या : वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न करणे, किंवा पहिल्यांदा गर्भवती होणे. यांतील जी घटिका आधी येईल त्या दिवशी नोकरी संपे. पस्तीशीनंतर मुदतवाढ मिळू शके, पण ती एकेका वर्षाची, पंचेचाळीसपर्यंत, आणि तीही व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने. एकाच विमानात, एकाच प्रवाशाला, एकाच ढकलगाडीवरून जेवण वाढणाऱ्या दोघांपैकी एकाला तेवीस वर्षे जास्त नोकरी होती आणि दुसरीला दरवर्षी साहेबांच्या सहीची वाट पाहायची होती.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी याविरुद्ध दाद मागितली. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या जुलैत चांगी विमानतळावरून विमाने सुटू लागली होती. भारतातील स्त्रियांच्या नोकरीच्या हक्कांविषयी बोलताना हा निकाल आजही सांगितला जातो. बहुतेक वेळा विजय म्हणून सांगितला जातो. आम्ही तो पुन्हा नीट वाचला, आणि तो अर्धाच विजय आहे असे आमचे मत झाले. उरलेला अर्धा भाग आपण अधिक लक्षपूर्वक वाचला पाहिजे.

विजयाचा भाग आधी सांगू. गर्भवती होताच नोकरीवरून काढण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला. तो मनमानी आहे आणि संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे स्पष्ट म्हटले. मुदतवाढ एका अधिकाऱ्याच्या लहरीवर सोपवणारा अधिकारही रद्द झाला, आणि शरीराने सक्षम असलेल्या सेविकेला ४५ वर्षांपर्यंत काम करण्याचा मार्ग खुला झाला. तरुण व आकर्षक स्त्रियाच प्रवाशांना नीट हाताळू शकतात, असाही एक युक्तिवाद पुढे आला होता. त्यावर न्यायालय संतापले. या स्त्रिया शोभेच्या वस्तू नाहीत, उलट वयाने वाढलेल्या अनुभवी स्त्रिया प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेतील, असे त्याने बजावले. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण न्यायालयाने त्यासाठी आपल्या प्राचीन संस्कृतीत स्त्रीला असलेल्या उच्च स्थानाचा दाखला दिला. ज्या समाजाने १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, त्यातील वाचकाला हे वाक्य वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते. चौदावा अनुच्छेद हाताशी असताना प्राचीन संस्कृतीकडे जाण्याचे प्रयोजन काय होते?

आता उरलेला भाग. चार वर्षांच्या आत लग्न करू नये, हा नियम न्यायालयाने कायम ठेवला. त्याने मुलीला परिपक्वता येईल आणि कुटुंबनियोजनाला मदत होईल, असे कारण दिले. तिसऱ्या गर्भारपणाला नोकरी संपवणारी तरतूद केली तर तीही चालेल, असे मानले. आणि मुख्य प्रश्न, म्हणजे पुरुष पर्सर आणि स्त्री सेविका यांना वेगळे नियम का, त्याचे उत्तर असे दिले, की हे दोन वेगळे संवर्ग आहेत. त्यांची भरती वेगळी, बढतीच्या पायऱ्या वेगळ्या, सेवाशर्ती वेगळ्या. समानता एकाच संवर्गातील माणसांमध्ये पाहायची असते. दोन संवर्गच वेगळे असतील तर भेदभावाचा प्रश्न उद्भवत नाही. त्यातून संविधान केवळ लिंगाच्या कारणावरून केलेला भेद निषिद्ध ठरवते, इथे लिंगासोबत इतरही कारणे आहेत, असा तर्क जोडला गेला. १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घ्यावा, तर केंद्र सरकारने १९७९ मध्येच जाहीर करून ठेवले होते, की या दोघांच्या सेवाशर्तींतील फरक लिंगावर आधारलेला नाही. न्यायालयाने त्या घोषणेचाही आधार घेतला.

वाचकहो, हा तर्क आपल्याला कोठे तरी भेटलेला आहे. या संवर्गात प्रवेश कशाने मिळत होता? पुरुष म्हणून जन्मलेला मनुष्य पर्सर होई, स्त्री म्हणून जन्मलेली एअर होस्टेस होई. एकदा जन्माने दोन पंगती मांडल्या, मग दोन्ही पंगतींना वेगळे वाढले, आणि कोणी विचारलेच तर सांगितले, की पंगतीच वेगळ्या आहेत, तेव्हा वाढप्याने भेद केला असे कसे म्हणता येईल? १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याच्या समर्थकांना नेमके येथेच पकडले होते. जातिव्यवस्था कामांची विभागणी करते असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले, की ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, आणि त्या विभागांना एकाखाली एक रचते. श्रेणीबद्ध विषमतेचे हे यंत्र धर्मग्रंथाशिवायही चालते. सेवानियमांच्या पुस्तिकेवरही चालते.

या खंडपीठावर तीन न्यायमूर्ती होते. निकाल लिहिणारे न्या. मुर्तझा फझल अली, न्या. अमरेंद्रनाथ सेन, आणि न्या. ए. वरदराजन. १९८० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात आलेले न्या. वरदराजन हे अनुसूचित जातीतून तेथे पोहोचलेले पहिले न्यायमूर्ती. त्यांच्या नियुक्तीचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. वेगळ्या संवर्गांचा हा तर्क त्यांच्याही सहमतीने निकालात आला, हे लिहिताना हात जड होतो. पण इतिहास आपल्या सोयीचा तेवढा लिहायचा नसतो. लिंगावरून रचलेली उतरंड ओळखायला जातीच्या उतरंडीचा अनुभव पुरेसा पडतोच असे नाही. आपल्या घरांतही तो पडलेला नाही.

गर्भारपणाच्या प्रश्नावर मात्र एअर इंडियाला १९८१ मध्ये जे ऐकावे लागले, ते मुंबईत त्रेपन्न वर्षे आधी बोलून झाले होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळातील लाभ देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात सुधारणा घडवून आणल्या. गिरणीतील बाई आणि खाणीतील बाई यांच्याविषयी झालेला हा विचार गणवेशातील, इंग्रजी बोलणाऱ्या, लंडन-न्यूयॉर्कला जाणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला. कारण ती कामगार आहे, हेच कोणाला दिसत नव्हते. ‘सुंदरी’ दिसत होती.

आणि काम तर काय होते? प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी एक कसोटी असते. भरलेले विमान निम्म्या दारांतून नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे. ते रिकामे करणारी माणसे म्हणजे हे सेवक-सेविका. चहा देणे हे त्यांचे उरलेल्या वेळेतले काम आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची विमानतळावर पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानात अतिरेकी घुसले. विमानात साडेतीनशेहून अधिक माणसे होती. नीरजा भनोत या मुंबईच्या तरुणीने वैमानिकांपर्यंत इशारा पोहोचवला, त्यामुळे ते निसटू शकले आणि विमान उडवून नेण्याचा बेत फसला. पुढे गोळीबार सुरू झाल्यावर तिने प्रवाशांना बाहेर काढले आणि त्यातच तिला मरण आले. तेवीस वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. तिचे पद मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. ती त्या विमानातील सीनियर पर्सर होती, म्हणजे त्या दालनाची प्रमुख. मुंबईची बावीस वर्षांची मुलगी परक्या देशाच्या कंपनीत ज्या पदावर होती, त्या पदाच्या वाटेवर तिच्या स्वतःच्या देशाच्या कंपनीत तेव्हा स्त्रीला पाऊलही ठेवता येत नव्हते.

एअर इंडियात विमानातील दालनाच्या प्रमुखाला इन-फ्लाइट सुपरवायझर म्हणत. तो पर्सरांच्या शिडीचा वरचा भाग होता, म्हणून ते पद पुरुषांचे. सेविकांची शिडी वेगळी, तिच्या टोकाला मुख्य एअर होस्टेस. परिणामी पंचवीस वर्षे आकाशात काढलेली बाईसुद्धा विमानात पुरुष सुपरवायझरच्या हाताखालीच काम करी, मग तो नोकरीला तिच्यानंतर लागलेला का असेना. निवृत्तीच्या वयाचे भांडण दीर्घकाळ चालले. १९८९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांनाही अठ्ठावन्नपर्यंत नोकरी द्यावी असा निर्देश दिला. कंपनीने त्याचा अर्थ असा लावला, की पन्नासाव्या वर्षी त्यांना विमानातून उतरवून जमिनीवरचे काम द्यावे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदही चालवून घेतला. दोन संवर्गांची कल्पना बावीस वर्षांनीही जिवंत होती.

ती मोडली ती बढतीच्या प्रश्नावर. २००५ मध्ये एअर इंडियाने आदेश काढून स्त्रियांनाही इन-फ्लाइट सुपरवायझर होता येईल असे ठरवले. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? त्याच दालनात काम करणारे पुरुष सहकारी. स्त्रीच्या हाताखाली काम करावे लागेल, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी जुन्या करारांचा आणि वेगळ्या संवर्गांचा आधार घेतला. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रियांच्या बाजूने कौल दिला. १९८१ च्या निकालावर भरपूर लिहिले गेले. २०११ च्या या निकालाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. आमच्या दृष्टीने पेशा खऱ्या अर्थाने तेथे सुरू झाला. नोकरीवरून न काढणे ही एक गोष्ट, आणि हाताखालच्या पुरुषाला आदेश देता येणे ही दुसरी. पंगती एक झाल्या असे दुसऱ्या गोष्टीनंतरच म्हणता येते.

विमानाच्या पुढच्या भागात मात्र दारे तुलनेने लवकर उघडली. दुर्बा बॅनर्जी साठच्या दशकातच इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या होत्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर असे फोकर फ्रेंडशिप विमान गेले, त्यात सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. त्या निवेदिता १९९० मध्ये सव्वीस वर्षांच्या असताना बोइंगच्या कॅप्टन झाल्या. सिंगापूरशी आपले नाते सांगणारी एक घटना आम्हाला विशेष वाटते. एअर इंडियाने केवळ स्त्री कर्मचाऱ्यांच्या हाती आपले पहिले विमान सोपवले, ते जानेवारी २००४ मध्ये, मुंबईहून सिंगापूरला. रश्मी मिरांडा आणि क्षमता बाजपेयी ते घेऊन चांगीला उतरल्या. आपल्यातील कित्येक कुटुंबे ज्या मार्गाने या बेटावर आली, तोच हा मार्ग. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आलेल्या बोइंग ७७७ मध्ये झोया अग्रवाल यांच्यासोबत तन्मयी पापागारी, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास या तिघीही वैमानिकच होत्या. आज भारतातील वैमानिकांपैकी सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत. जगाच्या सरासरीच्या हे कितीतरी पुढे आहे. १९८८ मध्ये एअर इंडियाने वैमानिक म्हणून निवडलेल्या पहिल्या महिला हरप्रीत सिंग प्रकृतीच्या कारणाने उडू शकल्या नाहीत. त्यांनी उड्डाणसुरक्षेचे क्षेत्र धरले आणि २०२० मध्ये त्या अलायन्स एअरच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. सिंगापूर एअरलाइन्स १९७२ मध्ये स्वतंत्र झाली आणि तेव्हापासून तिची ओळख ‘सिंगापूर गर्ल’ ही आहे. पॅरिसच्या पिएर बाल्मां यांनी बेतलेला सारोंग कबाया नेसलेली, मंद हसणारी तरुणी. १९९३ मध्ये लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयात तिचा मेणाचा पुतळाही उभा राहिला. मेणाच्या पुतळीला वय नसते आणि दिवसही जात नाहीत. हाडामांसाच्या सेविकेला मात्र २०२२ पर्यंत गर्भारपणात नोकरी सोडावी लागे आणि बाळंतपणानंतर पुन्हा अर्ज करावा लागे. १५ जुलै २०२२ पासून हा रिवाज बंद झाला. आता गरोदर सेविकेला जमिनीवरचे काम मिळू शकते आणि प्रसूतीनंतर ती परत उडू शकते. ज्या देशातील शिस्तीचे आपण दिवसातून दहादा कौतुक करतो, त्याच्या सर्वांत नावाजलेल्या कंपनीने ही सुधारणा भारताच्या सर्वोच्च न्यायालयानंतर एक्केचाळीस वर्षांनी केली. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की येथे बढतीची शिडी एकमेकांपासून लपलेली नाही. ती कपड्यावरच दिसते. निळा कबाया नव्या सेविकेचा, हिरवा तिच्या वरच्या पायरीचा, लाल मुख्य सेविकेचा आणि जांभळा संपूर्ण दालनाच्या व्यवस्थापिकेचा. चांगीला पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलींना रंग मोजायला सांगा. निळे किती आणि जांभळे किती, यातून त्या बरेच काही शिकतील.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ ताईंनी विचारले, “हे सगळं खरं, पण या गोष्टीत आपल्या मुली कुठं आहेत?” प्रश्न रास्त आहे. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा होत्या. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि पुढच्या भरतीतील ती वाट बंद झाली. आता तर त्या कंपनीत सिंगापूर एअरलाइन्सचाही चौथा हिस्सा आहे. वैमानिक होण्याचा खर्च बऱ्याच लाखांत जातो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी उच्च श्रेणी शिक्षण योजना आहे, तिच्यात व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या अभ्यासक्रमाचा समावेश आहे, हे भारतातील आपल्या नातलगांपैकी फार थोड्यांना माहीत असते. मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही, तरी वाट आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तेथे जमलेल्या हजारो बायाबापड्यांपैकी बहुतेकींनी विमान आभाळात जाताना पाहिले असेल, तेवढेच. त्यांच्या नाती आणि पणत्या आज विमानतळांवर तिकीट तपासणीत, देखभालीच्या हँगरमध्ये, उड्डाणांच्या नियोजनात काम करतात. मुलीने विमानात काम करावे की नाही, यावर मात्र आपल्याच घरांत अजून कुजबूज होते. रात्रीची ड्यूटी, हॉटेलातला मुक्काम, लोक काय म्हणतील. ही कुजबूज करणारे आपण शहाणे-सुरते लोक आहोत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत मुली नेमणुकीचे पत्र घेऊन आमच्याकडे येतात, कधी सल्ल्यासाठी, कधी नुसते दाखवायला. आम्ही कायदेतज्ज्ञ नाही. पण आता पगाराच्या आकड्याआधी तीन कलमे शोधतो : गर्भारपणात काय होईल, उडण्याचे वय कोणते, आणि या पदाच्या वर किती पायऱ्या आहेत व त्या सर्वांसाठी सारख्याच आहेत का. मागच्या वेळी एका पत्रात तिसरे कलम सापडलेच नाही. मुलीने तिथेच बसून कंपनीला पत्र लिहिले. रविवारच्या वर्गातल्या त्या छोटीने शेजारी उभे राहून ते वाचले आणि ‘संवर्ग’ म्हणजे काय, असे विचारले.